खालचा घड

रॉटरडॅम,
१६ मार्च २०२५

तीर्थरूप नाना आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "तिकडं पोरीवर संस्कार कसले होणार गं?" मी विषय बदलला, कारण उत्तर सुचलं नव्हतं. आज रविवार. पोरगी झोपली आहे, बाहेर वारा आहे, म्हणून लिहायला बसले. बुधवारी रंगपंचमी ना? गावात रहाडी, ते रंगाचे जुने हौद, उघडायला घेतल्या असतील.

गेल्या आठवड्यात न्हावा-शेव्याहून आलेला एक कंटेनर माझ्याकडे तपासणीला होता. थॉमसन जातीची द्राक्षं. पेटीवरच्या कोडवरून प्लॉटपर्यंत माग काढता येतो, तो निघाला नाशिक जिल्ह्यातला. मी नेहमीप्रमाणे तळातल्या पेट्या आधी उघडायला लावल्या, आणि डब्यातला खालचा घड आधी हातात घेतला. सोबतच्या मुलानं विचारलं, "तू कायम खालून का सुरू करतेस?" मखमलाबादचं आपलं पत्र्याचं शेड त्याला कसं समजावणार?

नाना, तुम्हाला आठवतं का? मी पाचवीत असेन. काढणी जोरात होती आणि मीही पेटी भरायला बसले होते. शेजारच्या बागेत बघितलं होतं तसं मी बारके आणि तडकलेल्या मण्यांचे घड खाली घातले, वर टपोरे मांडले. तुम्ही आलात, पेटी उचललीत आणि वर्तमानपत्रावर उलटी केलीत. रागावला नाहीत. एकेक घड कात्रीनं साफ करून पुन्हा भरत बसलात. मग एवढंच म्हणालात, "खालचा घड पण कुणाच्या तरी पोराच्या हातात जायचाय." बायका बघत होत्या, मला रडू फुटलं होतं. त्यानंतर तशी पेटी मी कधी भरली नाही.

आई, तुझी गोष्ट वेगळी. तू तर तोंडानं काहीच सांगितलं नाहीस. आजीच्या वेळी मजुरांच्या कपबशा खिडकीत वेगळ्या पालथ्या असायच्या. काळाराम मंदिरासमोर डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांनी २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू केला, हे आम्ही शाळेत शिकत होतो, आणि त्याच शहरात आपल्या खिडकीत त्या कपबशा होत्या. आजीचा माझ्यावर फार जीव होता, तरी हे लिहायलाच हवं. घरातून चुकीचंही तितक्याच सहज अंगात उतरतं. मीही पेठ-सुरगाण्याहून मजुरीला येणाऱ्या बायकांना त्याच कपांत चहा नेऊन द्यायचे, काही वाटायचं नाही. एक दिवस शाळेतून आले तर खिडकी रिकामी. सगळ्या कपबशा एकाच मांडणीत. आजी दोन दिवस चहा प्यायली नाही, तू उलट बोलली नाहीस आणि कपही हलवले नाहीस. तिसऱ्या दिवशी आजीनं चहा मागितला. तिच्या हातात कोणता कप आला हे तुलाही माहीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र आजवर बोलले नाही. २०१४ च्या मार्चमधली गारपीट. बाग झोडपून निघाली, मणी चिखलात पडले होते. मी पुण्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलची फी थकलेली. घरात होते नव्हते ते पैसे तुम्ही आधी अठरा बायकांच्या मजुरीला दिलेत. मला नोटीस आली, मैत्रिणीकडून उसने घेतले, आणि तुमच्याशी महिनाभर धड बोलले नाही. वाटायचं, पोरीपेक्षा मजूर जवळचे? नाना, तुम्ही एकदाच म्हणालात, "तुला थांबता येतं, त्यांना येत नाही." तेव्हा ते मला पटलं नव्हतं. पटायला बरीच वर्षं लागली.

तर त्या कंटेनरचं. तळातल्या पेट्यांत बुरशी होती, देठ वाळून तपकिरी झाले होते. माल पाठवणाऱ्यांच्या माणसाचा फोन आला, मराठीतच. "ताई, तुम्ही पण नाशिकच्याच. जरा सांभाळून घ्या." पोटात कालवलं. भाव कापला की तो कुणाच्या अंगावर येतो हे मला कुणी सांगायला नको. तरी बुरशी दिसली तेवढी लिहिली. मग कंटेनरमधल्या तापमानाची नोंद काढून तासभर बघत बसले. वाटेत दोन दिवस गारवा तुटला होता. तेही तारखांसकट लिहिलं, म्हणजे सगळा दोष बागेवर जाणार नाही. त्या शेतकऱ्याला मी ओळखत नाही. त्या रात्री झोप नीट लागली नाही, पण सही करताना हात थांबला नाही.

आई, पोरीला इथं मी श्लोक शिकवते, मराठी बोलते. पण तू विचारत होतीस ते यातून येतं असं मला वाटत नाही. ती माझ्याकडे बघत असते. दुकानात जास्तीचे सुटे पैसे आले की मी काय करते, घर पुसायला येणाऱ्या बाईशी कसं बोलते, हे सगळं ती बघते. याची मला काळजी वाटते, कारण मी दमलेली असते आणि दरवेळी नीट वागतेच असं नाही.

म्हणून पुढच्या फेब्रुवारीत तीन आठवड्यांची रजा मागितली आहे. काढणीला येतो. ती पाच वर्षांची होईल, तिला शेडमध्ये बसवू. नाना, तिनं पेटी चुकीची भरली तर काही बोलू नका. नुसती उलटी करा.

तुमची,
ताई