कामकरी मंडळाचं पहिलं वर्ष

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावोगावच्या कुलूपबंद समाजमंदिरांबद्दल आपल्या पत्रव्यवहारात अधूनमधून लिहून येतं. तक्रार रास्त आहे. पण सभागृह उभं राहिलं की सालगडी, हमाल, गवंडी, ऊसतोडीला जाणारे यांना संध्याकाळी बसायला हक्काची जागा झाली, असं धरून चालतात, तिथं गफलत होते. अशा माणसांचं मंडळ पहिल्या वर्षात मोडतं, ते किल्लीपायी, वहीपायी, नाहीतर चुकीच्या महिन्यात काढल्यामुळं. छप्पर गळतं म्हणून मोडलेलं मंडळ क्वचितच सापडेल.

आधी नाव. आपल्याकडं 'क्लब' म्हटलं की पत्त्यांचा अड्डा डोळ्यापुढं येतो, आणि घरची बाई नवऱ्याला तिकडं फिरकू देत नाही. तिचं चूक नाही. 'मंडळ' म्हणा. पत्ते ठेवायचे की नाहीत हे पहिल्याच बैठकीत ठरवून प्रोसिडिंगला, म्हणजे बैठकीच्या वहीत, लिहा. आमचं मत, ठेवू नयेत. बिनपैशाचा डाव आठवडाभर टिकतो, मग चहाच्या पैजेवर येतो, मग दहाच्या नोटेवर. आणि जुगाराच्या केसमध्ये पोलिस जागेची चौकशी आधी करतात. दारूचंही तसंच. इंग्लंडात हेन्री सॉली या धर्मोपदेशकानं १८६२ साली कामकऱ्यांच्या क्लबांचा संघ काढला, तेव्हा तिथं दारू वर्ज्य होती. पण निव्वळ चहा-कॉफीवर माणसं येईनात आणि खर्चही निघेना, म्हणून थोड्याच वर्षांत बिअरला मुभा मिळाली. पुढं त्या क्लबांचा बराचसा खर्च बिअरवर चालला. आपल्याला ती वाट नाही, म्हणून खर्च वर्गणीतच बसवावा लागतो.

आता महिना. बहुतेक मंडळं गणपतीत निघतात, कारण तेव्हा हुरूप असतो आणि पावती फाडायला कोणी नाही म्हणत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागतात आणि निम्मं मंडळ सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाच्या फडावर जातं. मागं राहतात म्हातारे आणि रिकामटेकडे. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततात तेव्हा जागेला कुलूप आणि कॅरमला भोक. सवय लागायला पाच-सहा महिने सलग माणसं लागतात. म्हणून बीड, धाराशिव, परभणीच्या ज्या गावांतून कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, जातात, तिथं मंडळ अक्षय तृतीयेच्या आसपास काढावं. मृगाला शेतीची घाई सुरू होते, पण माणूस रात्री गावातच असतो. हिशेबाचं वर्ष मात्र गुढीपाडव्यापासून धरा. सालगड्याचं साल पाडव्यालाच फिरतं, आणि एप्रिल ते मार्चच्या सरकारी वर्षाशीही ते जवळपास जुळतं.

वेळेचं भान शहरातून आलेल्या कार्यकर्त्याला नसतं. तो सहाला दार उघडतो. सालगड्याला धार, वैरण, दावण आटपून जेवायला आठ वाजतात. साडेआठ ते अकरा हीच खरी वेळ. साडेसहाला उघडलं की शाळेची पोरं भरतात, आणि पोरं बसलेल्या सतरंजीवर बापमाणूस येऊन बसत नाही.

वर्गणीचं गणित एकदा कागदावर मांडावं. ३० सभासद, महिना ३० रुपये, म्हणजे ९०० रुपये. त्यातले १२ जण तोडीला गेले की राहतात १८, म्हणजे ५४०. खर्च ५४० मध्येच बसवायचा. पावसाळ्यातल्या ९०० वर दोन पेपर, रोजचा चहा आणि झाडणाऱ्याचा पगार ठरवला की पौषात खड्डा पडतो, मग कोणीतरी पुढारी तो बुजवतो आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर त्याचं फ्लेक्स लागतं. तोडीला गेलेल्याकडून महिना ५ रुपये, नाव चालू ठेवण्यापुरते, परत आल्यावर घ्यावेत. मुकादमानं आगाऊ दिलेल्या रकमेतून, म्हणजे उचलीतून, वर्षाची वर्गणी आधीच कापून घ्यायची युक्ती काही ठिकाणी करतात. ती करू नये. उचल हे कर्ज आहे, त्यातून घेतलेली वर्गणी माणसाच्या डोक्यात मुकादमाच्या कापणीशेजारी जाऊन बसते. वसुलीचा दिवस आठवडी बाजाराचा. हप्ता हातात पडल्यावर आणि बाजारात पाय टाकायच्या आधी. बाजारातून परतलेल्याकडं फक्त पिशवी असते.

विजेचं उगाच भय घालतात. ७५ वॉटचे दोन पंखे आणि ९ वॉटचे दोन बल्ब रोज अडीच तास चालले तर महिन्याला १२-१३ युनिट होतात. बिलात स्थिर आकारच मोठा निघतो. तरीही तारेवर आकडा टाकून चोरीची वीज घेतात! पहिल्या तपासणीत दंड होतो आणि तो ज्याच्या नावावर निघतो तो माणूस मंडळ सोडतो. मीटर कोणाचा, बिल कोण भरणार, हे जागा घेतानाच लिहून घ्या.

जागा शक्यतो स्टँडजवळची किंवा वेशीजवळची. कोणाच्या वाड्याची वसरी फुकट मिळते, पण मालकाच्या चुलत्याशी वाकडं असलेला तिथं येत नाही. एका वस्तीतल्या समाजमंदिरात दुसऱ्या वस्तीचा माणूस सहसा चढत नाही, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. माळवदाची खोली उन्हाळ्यात गार असते, पावसाळ्याआधी मात्र वर माती टाकून धुमसून घ्यावी लागते. तो खर्च मालकाचा की मंडळाचा, यावरून आषाढात भांडण ठरलेलं. आणि पाण्याचा रांजण एकच, पाणी काढायचं ओगराळं एकच. दोन ठेवले तर कोणी न सांगता चार दिवसांत जातीप्रमाणे वाटणी होते. हा नियम मागाहून लावता येत नाही.

वह्या तीन. रोजमेळ (रोजच्या जमा-खर्चाची वही), कार्बनचं आकडे छापलेलं पावती पुस्तक, आणि प्रोसिडिंग. पावती चुकली तर फाडू नये. दोन्ही प्रतींवर 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवावी. हातात ५०० च्या वर रोकड नको, बाकी बँकेत, दोघांच्या सहीनं, आणि ते दोघे एका भावकीतले नकोत. महिन्याची जमा-खर्चाची बाकी दारामागच्या फळ्यावर खडूनं लिहिली की निम्म्या कुजबुजी आपोआप थांबतात.

खरा घात हातउसन्यानं होतो. सभासदाची पोरगी आजारी, मंडळात ३,००० पडून आहेत. नाही कसं म्हणायचं? दिले की दुसरा येतो, तिसऱ्याला नाही म्हटलं की तो पहिल्याचं नाव घेतो. मग कोणीतरी सुचवतं, शेकडा दोन व्याज लावा. परवान्याशिवाय व्याजानं पैसे देणं २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात गुन्हा आहे, मंडळाचं नाव लावल्यानं तो धुतला जात नाही. अडीअडचणीसाठी भिशी करायची तर वेगळी करा, वेगळ्या वहीत, आणि मंडळाच्या खजिनदाराला तिचा प्रमुख करू नका.

नोंदणीची घाई पहिल्या वर्षात नको. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणीला सात माणसं पुरतात, पुढं १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याचीही नोंदणी येते. जागामालकाचं संमतीपत्र, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा घराचा उतारा, नियमावली, सभासदांचे पुरावे, हे सगळं जमतं. अवघड आहे ते नंतरचं. दरवर्षी हिशेब, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज. तो कोणी देत नाही. दहा वर्षांनी अनुदानासाठी उतारा काढावा तर अध्यक्ष म्हणून वारलेल्या माणसाचं नाव, आणि सह्या आणायच्या कुठून? एक वर्ष वही नीट चालली तरच धर्मादाय कार्यालयाची पायरी चढावी. आमदार निधीतून बांधलेली वास्तू बहुतेक वेळा ग्रामपंचायतीच्या दफ्तरी लागते, मंडळाच्या मालकीची होत नाही, हेही आधी समजून घ्यावं.

मंडळात माणूस पुन्हा यावा असं काम काय? आमच्या पाहण्यात दोन टिकतात. एक, कागदपत्रं. बांधकाम कामगाराच्या नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. गवंडी चार ठेकेदारांकडं तुकड्यातुकड्यानं काम करतो आणि वर्षाअखेरीला एकही सही हाती नसते. मंडळात वही ठेवून काम संपल्या दिवशीच तारखा लिहून ठेवल्या की दाखल्याच्या वेळी कोणाकडं जायचं ते तरी कळतं.

दुसरं भजन. टाळ कितीही वर्षं टिकतात, पखवाज टिकत नाही, आणि कारण एकच. धुम्यावर, म्हणजे डाव्या तोंडावर, लावलेली कणीक भजन संपल्यावर काढत नाहीत. ओली कणीक रात्रभर राहिली की वाळून तडकते, पुडी (तोंडावरचं कातडं) ओढली जाते, आणि वासानं उंदीर येऊन नेमकी तीच जागा कुरतडतात. नवी पुडी बसवायची तर तालुक्याला जावं लागतं. सुरीनं खरवडू नये. बोटानं काढावी, उरलेली ओल्या फडक्यानं पुसावी, शाईच्या बाजूला पाणी लागू देऊ नये आणि पखवाज गवसणीत घालून खुंटीला टांगावा. पेटीचं तेच, भात्याच्या घडीत झुरळं होतात, म्हणून कपाटात कोंबण्याऐवजी उघड्या फळीवर ठेवावी. कॅरम भिंतीला टेकवून ठेवला की भाद्रपदातल्या ओलीनं फळी वाकते आणि सोंगटी एकाच कोपऱ्याकडं घसरायला लागते. आडवा ठेवावा, आणि १९ सोंगट्या नि स्ट्रायकर रोज मोजून डबीत.

ही मोजदाद किल्लीवाल्याची. किल्ल्या दोन असाव्यात, दोन वेगळ्या आळ्यांत, आणि दर महिन्याला माणूस बदलावा. बदलताना सतरंज्या, टाळांच्या जोड्या, सोंगट्या, ग्लास आणि रोकड सगळ्यांपुढं मोजून घेणाऱ्याची सही प्रोसिडिंगवर घ्यावी. अर्धा तास लागतो. त्या दिवशी भजन उशिरा सुरू झालं तरी चालेल.

आपले,
गावच्या मंडळांचे हिशेब पाहणारे काही कार्यकर्ते,
जि. बीड