मा. रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र: लोकल कुठे आणि का रेंगाळते, ते आम्हाला सांगा

मा. रेल्वेमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी मुंबईच्या लोकलची पासधारक. गेले काही आठवडे आमची सकाळची गाडी एका ठरावीक जागी अगदी सावकाश जाते. दारातून पिवळी पाटी दिसते, तिच्यावर २० चा आकडा, म्हणजे ताशी २० किलोमीटरची वेगमर्यादा. रुळांखाली ताजी खडी आणि बाजूला फावडी टेकून उभे असलेले गँगमन. स्टेशनात मात्र घोषणा एवढीच: ‘तांत्रिक कारणामुळे’.

वेग कमी केल्याची माझी तक्रार नाही. चिखल धरलेली खडी काढून चाळली, नवी भरली, तरी ती लगेच घट्ट बसत नाही. टॅम्पिंग मशीनने दाबून, गाड्यांच्या वजनाखाली बसत गेली की टप्प्याटप्प्याने वेग वाढवतात. त्यात घाई नकोच. शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास जाते, चारच्या आसपास पहिली निघते. तेवढ्यात ओव्हरहेड वायरची वीज बंद करायची, काम उरकायचं आणि अवजारं उचलून रूळ मोकळे करून द्यायचे. या माणसांच्या जिवावर आम्ही घरी पोहोचतो.

पण हिशेब बघा. ताशी ८० च्या वेगाने एक किलोमीटर ४५ सेकंदांत संपतो, २० ने ३ मिनिटं लागतात. १२ डब्यांची गाडी अडीचशे मीटरहून लांब; शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत मोटरमनला वेग वाढवता येत नाही. मागे तीन-चार मिनिटांवर दुसरी गाडी, तिच्यामागे तिसरी. माझ्या शेजारी उभी राहणारी मैत्रीण तीन लेटमार्कांत अर्धी रजा गमावते, आणि साहेबांना दाखवायला तिच्याकडे काहीच नसतं.

कुठल्या किलोमीटरपासून कुठपर्यंत, किती वेगाने, हे सगळं मोटरमनला कॉशन ऑर्डरमध्ये लेखी मिळतं. म्हणजे माहिती तयारच आहे. तीच, कारण आणि अंदाजे तारखेसह, प्रत्येक स्टेशनात फळ्यावर लावा, रेल्वेच्या तिकीट अ‍ॅपवर टाका. तारीख पुढे गेली तर तेही लिहा. रविवारचा मेगाब्लॉक आधी जाहीर होतो, तेव्हा आम्ही लग्नाला निघायची वेळसुद्धा बदलतोच ना? वीस मिनिटं आधी निघायची आमची तयारी आहे. फक्त आदल्या दिवशी कळू द्या.

आपली,
सेकंड क्लास लेडीज डब्यातली एक रोजची प्रवासी