उद्यमनगरातल्या मिस्त्रीकाकांचे जाहीर आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आपण माझ्या वडिलांच्या जुन्या बुलेटचे मागचे चाक नव्याने बांधून दिलेत. तेव्हा मी आभार मानू लागलो, तर आपण हातानेच ‘राहू द्या’ म्हणालात. पण माझे मन भरलेले नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

या गाडीला मागे ३.२५-१९ मापाचा, म्हणजे १९ इंची रिमवर बसणारा अरुंद टायर होता. पावसाळी घाटात पकड चांगली मिळावी, एवढ्यासाठीच मला ११०/९०-१८, म्हणजे १८ इंची रिमवरचा रुंद टायर हवा होता. आधीच्या गॅरेजवाल्याने १८ इंची रिम आणली खरी, पण तीत चाकाच्या जुन्याच तारा (स्पोक) कापून बसवल्या. रिमचा व्यास इंचाने घटला की तारा साधारण अर्ध्या इंचाने आखूड लागतात आणि त्यांना आटेही नव्याने पाडावे लागतात, हे इतकी वर्षे धंद्यात असलेल्या माणसाला ठाऊक नसेल, असे मी मानत नाही. आई मागे बसलेली असताना आंबोली घाटात निपलबाहेर, म्हणजे तार रिमला आवळून धरणाऱ्या छोट्या नटाबाहेर, आलेल्या एका तारेच्या टोकाने ट्यूब फाडली. जाब विचारला, तर त्याने दोष ट्यूबवर ढकलला आणि टायर चेनकव्हरला घासत होता, त्यावर मागचे चाक धरणारा चिमटाच ग्राइंडरने घासून देतो म्हणाला. त्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही.

आपण चिमट्याला कानसही लागू दिली नाहीत. नेमक्या लांबीच्या तारा घातल्यात, रिम मधोमध आणलीत, चाकाचा आऊट (फिरतानाचा वेडेपणा) काढलात. नव्या टायरची एकूण उंची जुन्याच्या जवळपास तेवढीच भरते, त्यामुळे गाडीची ओढ बदलणार नाही, हेही समजावून सांगितलेत.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती वेगळीच गोष्ट. टायर चढवण्याआधी आपण मला जवळ बोलावलेत, माझे बोट धरून रिमच्या आतल्या बाजूने पूर्ण फिरवलेत आणि म्हणालात, “टायर चढला की हे कुणालाच दिसणार नाही, म्हणून आत्ताच बघून घ्या.” एकेका तारेचे टोक निपलच्या आत होते, बोटाला कुठे खरखर म्हणून लागली नाही. आपले काम तपासून घ्या, असे गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगणारा कारागीर मी तोवर पाहिला नव्हता. जिथे कुणाचीच नजर पोहोचणार नाही, तिथेही तितक्याच निगुतीने हात चालवणारी माणसे आहेत, म्हणून तर आपण आपली माणसे निर्धास्तपणे गाडीवर मागे बसवतो.

तारा नव्या आहेत, थोडी गाडी चालली की पुन्हा आवळून घ्या, असे आपण बजावले होतेत. त्यासाठी लवकरच येतो. आईलाही आपल्याला भेटायचे आहे. ती सोबत येणार आहे.

आपला कृतज्ञ,
एक बुलेटस्वार