इनुपियाटांचे अन्न सौद्यात नको: पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय पर्यावरण मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

कोकणात किनाऱ्याला लागलेले देवमाशाचे पिल्लू समुद्रात परत लोटायला अख्खे गाव धावते, याचा मला अभिमान आहे. तरीही देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगात भारताने अलास्काच्या इनुपियाट आणि युपिक या आदिवासी शिकाऱ्यांच्या पाठीशी ठाम उभे राहावे, ही विनंती मी मनापासून करतो आहे.

१९७७ साली आयोगाने त्यांची बोहेड या आर्क्टिक समुद्रातल्या देवमाशांची शिकार एकाएकी बंद केली. देवमासे दोन हजारांच्या आतच उरलेत, असा शास्त्रज्ञांचा तेव्हाचा अंदाज होता. शिकारी सांगत होते, बरेच देवमासे बर्फाखालून जातात, तुम्हाला दिसतात तेवढेच तुम्ही मोजता. त्यांनी त्याच वर्षी स्वतःचा अलास्का एस्किमो व्हेलिंग आयोग स्थापन केला आणि पुढच्या गणनांत शास्त्रज्ञांना साथ दिली. पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडून देवमाशांचे आवाज टिपले, तेव्हा शिकाऱ्यांचेच खरे निघाले. २०११ च्या गणनेत संख्या सुमारे १७,००० भरली, तीही कोट्याच्या मर्यादेत शिकार पुन्हा चालू झालेली असताना. हा समुद्र रिकामा केला होता तो १८४८ नंतर तेलासाठी आलेल्या व्यापारी जहाजांनी.

आज अलास्कातली अकरा गावे आयोगाने दिलेला कोटा आपसांत वाटून घेतात. भाला लागून निसटलेला देवमासाही हिशेबात धरतात, त्यामुळे नेम साधण्याची जबाबदारी प्रत्येक होडीवर येते. मांस विकत नाहीत, घरोघर वाटतात. २०१९ ते २०२५ या सात वर्षांसाठी, रशियातल्या चुकोत्का भागातल्या शिकाऱ्यांचा वाटा धरून, ३९२ देवमासे किनाऱ्याला आणायची मर्यादा होती. एवढी शिस्त आपल्या किती मासेमारी बंदरांत दिसेल?

२००२ मध्ये जपानमधल्या शिमोनोसेकी इथल्या आयोगाच्या बैठकीत मात्र हा कोटा अडवला गेला. जपानची स्वतःच्या किनारी शिकारीची मागणी फेटाळली गेली होती, त्याचा राग या गावांवर निघाला. ऑक्टोबरमध्ये खास बैठक घेऊन चूक सुधारावी लागली. म्हणूनच २०१८ साली ब्राझीलमध्ये ठरलेली तरतूद मोलाची आहे: शास्त्रीय समितीचा होकार असेल आणि वाढीव मागणी नसेल, तर कोटा आपोआप पुढे चालू राहतो.

ही तरतूद सैल करणाऱ्या कोणत्याही ठरावाला भारताने विरोध करावा, अशी लेखी सूचना आपल्या प्रतिनिधींना द्यावी. बर्फ हटल्यावर बेरिंग सामुद्रधुनीत वाढणाऱ्या जहाजांच्या वेगावर आणि आवाजावर बंधने यावीत, हेही त्यांनी तिथे मांडावे.

कळावे,
आपला नम्र