ग्रिनेलमध्ये आमच्या लेकीला सांभाळून घेणाऱ्यांचे आभार

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या ग्रिनेल कॉलेजात आमची लेक शिकायला गेली. तिला सांभाळून घेणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार! गाव जेमतेम नऊ-दहा हजार वस्तीचं, डी मॉइनचा विमानतळ गाडीने तासाभरावर. विमान उशिरा पोचलं, तेव्हा मध्यरात्रीपर्यंत गाडी घेऊन थांबलेल्या त्या सीनियर मुलाचे उपकार कसे फेडायचे?

निघण्याआधी फोनवर सगळं समजावणाऱ्या पुण्याच्या ताईंचा सल्ला तर लाखमोलाचा. आय-२० (कॉलेजने दिलेला, विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कागद) आणि पासपोर्ट हातातल्या बॅगेतच ठेवायचे. जाड कोट आणि बर्फातले बूट इथून न्यायचे नाहीत, तिथेच घ्यायचे. उणे वीसच्या वाऱ्यात आपल्याकडचं जॅकेट पुरत नाही. सोशल सिक्युरिटी नंबरसाठी (तिथे नोकरी-पगारासाठी लागणारा सरकारी क्रमांक) अर्ज कॅम्पसवर काम मिळाल्यावर करायचा, आणि सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही. सुट्टीत भारतात येण्याआधी आय-२०वर कॉलेजच्या अधिकाऱ्याची प्रवासासाठीची सही आहे ना, ते पाहायचं. हे शेवटचं तर कितीतरी मुलांच्या लक्षातच येत नाही.

थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या तिथल्या सणाला, बरीच मुलं आपापल्या घरी गेली, तेव्हा गावातल्या एक आजी तिला जेवायला घेऊन गेल्या. ती शाकाहारी, म्हणून त्यांनी मक्याचं कॅसरोल वेगळं केलं, वाढायला डावही वेगळा ठेवला, आणि उरलेलं डब्यात भरून दिलं. आजी, तुम्हाला आमचा साष्टांग नमस्कार.

यंदा कुणाची मुलं अशा छोट्या गावात निघाली असतील, तर आम्हाला निःसंकोच विचारा.