काकूंचं ब्रह्मकमळ

पुणे,
कोजागरीनंतरचा शनिवार

प्रिय चिमे,

सात महिने तुला पत्र नाही. फोनवर आपलं 'कशी आहेस', 'बरी आहे', झालं. आज लिहायला बसले ती काकूंच्या ब्रह्मकमळापायी. घरात बोलले तर 'नर्सरीतून दुसरं आण' एवढंच ऐकायला मिळालं. म्हणून तुला सांगते. झाड बुंध्यापासून कुजलं गं.

माझी शुगर ताब्यात आहे, यांचा गुडघाही बरा.

यंदा श्रावणात चार फुलं आली होती. पितृपक्षातही झाड छान तजेलदार होतं. नवरात्रात पाऊस थांबला आणि आपलं ते ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं. आमची गॅलरी दक्षिणेची. जूनजुलैत पुण्यात सूर्य डोक्यावर, नाहीतर थोडा उत्तरेकडे असतो, त्यामुळे तिथे ऊन येतच नाही. २३ सप्टेंबरनंतर तो दक्षिणेकडे कलतो आणि दुपारचं तिरपं ऊन थेट कठड्याच्या आत शिरतं. दर वर्षी घटस्थापनेच्या आधी मी कुंडी आत, जाळीच्या खिडकीपाशी सरकवते. यंदा दिवाळीच्या रंगकामासाठी खोल्या रिकाम्या करण्यात तेच राहून गेलं.

पानं पिवळट पडली, सुरकुतली. मला वाटलं, तहानलंय. सकाळी तांब्याभर, संध्याकाळी तांब्याभर पाणी घालत राहिले. खालच्या आजींच्या वाळवणावर ठिबकतं म्हणून कुंडीखाली ताटली ठेवलेली, पाणी तिच्यातच साचत गेलं. पानं आणखी मलूल झाली की मी आणखी घालायची. आठव्या दिवशी बुंध्याला हात लावला तर बोट आत गेलं. आणि तो वास! मुळं कुजली की त्यांना पाणी ओढता येत नाही, मग पाण्यात उभं असलेलं झाडही तहानेल्यासारखंच दिसतं. बोटाची दोन पेरं मातीत घालून बघितलं असतं, तरी कळलं असतं.

मुळात ते निवडुंगाच्या जातीचं. मेक्सिकोकडच्या रानात झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. त्याच्या मुळांना हवा लागते आणि मी ते निव्वळ तांबड्या मातीत दाबून बसवलेलं. वाडा पाडायच्या आदल्या आठवड्यात काकूंनी ओल्या कागदात गुंडाळून पान दिलं, तेव्हा बजावलं होतं, "मने, खोच आणि विसर." खोचलं, पण विसरणं मला जमलं नाही.

'तू झाडांना पाणी घालत नाहीस, आग्रहानं वाढतेस,' असं तू गच्चीवर म्हणाली होतीस आणि मी पंधरा दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. तुझंच बरोबर होतं, आज कबूल करते. पण दुसऱ्या भांडणात मी अजून मागे हटणार नाही. बारावीच्या वर्षी नऊ वाजता कळी हलायला लागली, सगळा वाडा कंदील घेऊन गोळा झाला आणि मी जिन्यात झोपून गेले, तेव्हा तू मला उठवलं नाहीस. सकाळी बघते तर फूल मान टाकून लोंबतंय. 'आईच म्हणाली, झोपू दे तिला,' हे तुझं कारण मला तेव्हाही पटलं नव्हतं. काकू तसं म्हणणारच नाहीत.

असो. सुरी निखाऱ्यासारखी तापवून, गार करून घेतली आणि आतून स्वच्छ हिरवं लागेपर्यंत कापत गेले. वीतभर लांबीचे पाच तुकडे हाती आले. आपण ज्याला पान म्हणतो ते खरं तर चपटं खोडच, म्हणून तर त्याला मुळं फुटतात. देवघराच्या कोपऱ्यात वर्तमानपत्रावर सुकत ठेवलेत. ओल्या चिरेनं मातीत गेले तर पुन्हा कुजतील. नारळाचा चोथा, विटांचे बारीक तुकडे आणि मूठभर जुनं शेणखत कालवून ठेवलंय. ताटली काढून टाकली, आजींना जाऊन सांगूनही आले.

धास्ती थंडीची आहे. हे काम खरं पावसाच्या तोंडावर करायचं. कार्तिकात रात्री गार झाल्या की मुळं फुटायला फार वेळ लागतो. रात्री दोनदा उठून तुकडे चाचपते. काकूंच्या हातचं एवढं एकच राहिलंय गं माझ्याकडे. तुझ्याकडे तर तेही नाही, आणि तुझं ते मी सांभाळायचं म्हणून ठेवून घेतलं होतं.

लेकीच्या अ‍ॅडमिशनचे पेढे मी इथे वाटले. टोरांटोत तुमचे हीटर सुरू झाले असतील, मनीप्लांट त्याच्यापासून लांब सरकव, कोरड्या हवेनं पानांच्या कडा करपतात. नव्या घराचे फोटो पाहिले, स्वयंपाकघर फार आवडलं. बाकी फोनवर.

एवढं मात्र आठवून सांग. काकू तुकडा किती खोल खोचायच्या, दोन बोटं की चार? तू शेजारी बसून माती लोटायचीस. बुधवारी खोचणार आहे, त्याआधी फोन कर. तुझी सकाळ असो की माझी मध्यरात्र, चालेल.

तुझीच,
मनी