बॅटरी ८० वर थांबली म्हणजे बिघडली नव्हे

मा. संपादक,

लॅपटॉप ८० टक्क्यांपुढे चार्ज होत नाही म्हणून सांगलीत अनेक जण थेट नवी बॅटरी घालून मोकळे होतात. आधी सेटिंग पाहा, ही कळकळीची विनंती. लेनोव्हो, असूस, डेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये बॅटरी जास्त टिकावी म्हणून चार्जिंग मध्येच अडवणारी सोय असते. कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा बायोसमधून (लॅपटॉप सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंगमधून) ती बंद करता येते. दिवसभर प्लग लावूनच काम असेल तर चालूच ठेवलेली बरी.

झिजलेली बॅटरीही पडद्यावर १०० टक्के दाखवते, फक्त भराभर उतरते. म्हणून विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढा आणि ‘डिझाइन कॅपॅसिटी’शी (नवी असतानाची क्षमता) ‘फुल चार्ज कॅपॅसिटी’ (आता पूर्ण भरल्यावरची क्षमता) ताडून बघा. ५०,००० पैकी ४२,००० मिलीवॉट-तास उरले असतील तर बॅटरी चांगली आहे. निम्म्याखाली गेले तर बदला.

चार्जरवरचे वॉटही वाचा. ६५ वॉटच्या मशीनला ४५ वॉटचा चार्जर लावला की काम करताना टक्के वाढतच नाहीत. डेलच्या गोल पिनच्या मधली बारीक सुई वाकली, तर चार्जर ओळखला जात नाही. लॅपटॉप चालतो, बॅटरी मात्र भरत नाही. उन्हाळ्यात गादीवर ठेवलेला लॅपटॉप तापला तरी चार्जिंग थांबते.

टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली आहे. लगेच चार्जर काढा, मशीन बंद करा. दाबू नका, टोचू नका, आणि घंटागाडीत तर मुळीच टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

— लॅपटॉप दुरुस्ती कारागीर, विश्रामबाग, सांगली